‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा (भावाचा अनुभव, थोडं मोठं आहे)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले कारण आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये असं फार वाटतंय.

माझा धाकटा भाऊ वाळवा तालुक्यात दुचाकीचं गॅरेज चालवतो. जोडधंदा म्हणून भाजीपाल्याच्या भाड्यासाठी छोटा टेम्पो घ्यायचं ठरवलं. बँकेत गेला. साहेबांनी स्क्रीनवर बघितलं, “सिबिल ५९८ आहे, जमणार नाही,” म्हणाले आणि फाईल परत दिली. (सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो यावरून निघणारा आकडा, स्कोअर.) का कमी आहे, कुठल्या खात्यामुळे, हे त्याने विचारलं नाही. घाबरूनच गेला होता. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं.

बँकेशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात काचेवर कागद चिकटवलेला: ‘सिबिल खराब? ४५ दिवसांत ७५० प्लस गॅरंटी. सेटलमेंट, राइट-ऑफ सगळं काढून मिळेल.’ (सेटलमेंट म्हणजे कमी पैशांत मिटवलेलं कर्ज, राइट-ऑफ म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं.) खाली मोबाईल नंबर. फोन केला तर पलीकडचा माणूस एकदम घरच्यासारखा बोलला. “दादा, टेन्शन घेऊ नका, आपली मुंबईत आतमध्ये सेटिंग आहे.” फी पंधरा हजार, निम्मी आधी. सोबत आधार, पॅन, सही केलेले तीन कोरे चेक. आणि पुढच्या महिनाभरात “सिस्टीमला ओटीपी येईल तो सांगा” असे सात-आठ फोन. भावाने सगळे ओटीपी सांगितले.

पंचेचाळिसाव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. स्कोअर ७८१. उरलेले साडेसात हजार त्याने त्याच संध्याकाळी पाठवले. आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी बँकेत गेला, साहेबांनी त्यांच्या सिस्टीमवर काढून बघितला: ५७४. पहिल्यापेक्षा चोवीसने कमी.

मी रविवारी गावी गेले तेव्हा ती पीडीएफ मोबाईलवर मोठी करून बघितली. ७८१ हे आकडे आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होते आणि ओळीच्या थोडे वर बसले होते. अहवालावर एक कंट्रोल नंबर असतो, त्याच्याशेजारी तारीख. तो नंबर आणि ती तारीख भावाच्या जुन्या अहवालातलीच. त्याच कागदावर नुसता आकडा बदललेला होता. बास, पंधरा हजारांचं काम ते एवढंच.

मग आम्ही दोघांनी खरा अहवाल काढायला घेतला. वेबसाईटवर लॉगिन होईना, कारण त्याच्या पॅनवर आधीच खातं उघडलेलं होतं आणि त्यावर ईमेल त्या माणसाचा होता. ग्राहक सेवेशी बोलून तो बदलून घ्यायला दोन दिवस गेले. अहवाल हातात आल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून ओळ न ओळ वाचली. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली: २०२१ मध्ये हप्त्यावर मोबाईल घेतला होता. बारा हप्त्यांपैकी अकरा वेळेवर. बाराव्याच्या आधी त्याने बँक बदलली, जुन्या खात्यात पैसे नव्हते, १,४१६ रुपयांचा हप्ता परत गेला. त्याला वाटलं फिटलं. अहवालात महिन्यांच्या चौकोनांत ००० ०००, मग ०३०, ०६१, ०९१ असं चढत गेलेलं. दर महिन्याला किती दिवस थकलं ते.

दुसरी: एका फायनान्स कंपनीचं ८५,००० चं वैयक्तिक कर्ज, पत्ता पुण्याच्या उपनगरातला, थकीत. हे भावाने कधी घेतलंच नव्हतं. नाव-आडनाव तेच, जन्मतारीख वेगळी.

तिसरी: गेल्या चाळीस दिवसांत सहा ठिकाणी कर्जासाठी केलेल्या अर्जांच्या चौकशा. ते ओटीपी तिथे गेले होते. माणसाने भावाच्या नावावर सहा अॅपवर कर्ज मागितलं होतं. ते मिळालं नाही, कारण स्कोअर कमी होता. मिळालं असतं तर?

रात्रभर माझ्या एकच गोष्ट डोक्यात होती. पहिली नोंद खरी, दुसरी खोटी, तिसरी त्या एजंटने केलेली. तिघींचा इलाज वेगळा आहे आणि त्या माणसाने तिन्हींपैकी एकीलाही हात लावला नाही. आधी नोंद खरी की खोटी हे बघायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

चेकचे नंबर देऊन बँकेत स्टॉप पेमेंट केलंय, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. पुढे काय करावं? जाणकारांनी कृपया सांगा.

निवृत्त शाखाधिकारी

ताई, चेक थांबवलेत आणि १९३० ला फोन केलात, दोन्ही अगदी योग्य. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून ठेवा.

मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच कर्ज विभागात. ‘आतमध्ये सेटिंग’ हे वाक्य मी काउंटरच्या या बाजूने खूप ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण देशात असा स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या (क्रेडिट ब्युरो) आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालतात. स्कोअर ३०० ते ९००. या कंपन्या स्वतः काही लिहीत नाहीत. तुमची बँक किंवा फायनान्स कंपनी माहिती पाठवते, ती इथे साठते, त्यावरून आकडा निघतो. ही माहिती पूर्वी महिन्याला जायची, जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यामुळे बँकेने दुरुस्ती कळवल्याशिवाय सिबिलमधला कुणीही माणूस नोंद बदलू शकत नाही. बदलली तरी पुढच्या खेपेला बँकेची माहिती येऊन ती परत होती तशीच होणार. सेटिंगला जागाच नाही हो तिथे.

आता तुमच्या दुसऱ्या नोंदीबद्दल. ज्या ब्युरोच्या अहवालात ती आहे त्याच्या वेबसाईटवर ‘डिस्प्यूट’ नोंदवा, ‘हे खातं माझं नाही’ हा पर्याय निवडा. फुकट असतं. त्याच दिवशी त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेल करा, पॅन आणि जन्मतारखेचा पुरावा जोडून. चारही ब्युरोंचे अहवाल काढा, कारण एका ठिकाणची चूक दुसरीकडेही असू शकते. २०१७ पासून प्रत्येक ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढा.

तक्रारीचा पावती क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला, तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे: तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. कर्ज देणाऱ्या संस्थेला त्यातले एकवीस दिवस मिळतात, बाकीचे ब्युरोला. ज्याने उशीर केला त्याने द्यायची. तक्रारीत बँक खात्याचा तपशील द्यायला विसरू नका.

तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट ब्युरोही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

मोबाईलच्या हप्त्याचं मात्र नीट ऐका. ती नोंद खरी आहे, तिला डिस्प्यूट लावू नका. फायनान्स कंपनीकडून आजची पूर्ण येणेबाकी लेखी मागवा आणि पूर्ण भरा. वसुलीवाला फोनवर म्हणेल, “हजार द्या, मिटवून टाकतो.” त्या मिटवण्याला अहवालात ‘सेटल्ड’ लिहितात, आणि कर्ज मंजूर करणारा माणूस ‘सेटल्ड’ वाचला की हात आखडता घेतो. पूर्ण भरलं की ‘क्लोज्ड’. नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नाही असा दाखला) घेतल्याशिवाय उठू नका.

पिंपळपार

वाचनखूण साठवली. शाखाधिकारी काका, याचा वेगळा लेख कराच.

मोगरा

काका, माझा प्रश्न ‘सेटल्ड’चाच आहे. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. क्रेडिट कार्डाची १ लाख १० हजारांची बाकी बँकेने ६२ हजारांत सेटल केली. आता घराचं कर्ज हवंय. एक ‘क्रेडिट कन्सल्टंट’ म्हणतोय वीस हजारांत ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून बँकेच्या लेटरहेडवर एनओसी आणून देतो. ऑफिस चांगलं आहे, एसी वगैरे. विश्वास ठेवावा का?

निवृत्त शाखाधिकारी

नको मोगराताई, अजिबात नको.

लेटरहेडवर एनओसी हेच शब्द वाचून मी थबकलो. माझ्या शेवटच्या शाखेत अशा बनावट एनओसी मी स्वतःच्या हाताने पकडल्या आहेत. एकीवर आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा शिक्का होता, पण ज्या तारखेचं पत्र त्या तारखेच्या वर्षभर आधीच ती शाखा जवळच्या शाखेत विलीन झाली होती. पत्र आणणारा गृहस्थ साधा शिक्षक होता. त्याला खरंच वाटत होतं की कागद खरा आहे. पण कर्जाच्या अर्जाला तो कागद जोडून खाली सही त्याने केलेली. एजंटचं नाव त्या फाईलमध्ये कुठेच नव्हतं. बनावट कागद वापरल्याचा गुन्हा सही करणाऱ्यावर येतो, ताई.

‘सेटल्ड’ काढायचा एकच रस्ता आहे. त्याच बँकेला लेखी विचारा की सोडून दिलेली रक्कम, तुमच्या बाबतीत ४८ हजारांच्या आसपास, मी आता भरते, खात्याचा दर्जा ‘क्लोज्ड’ कराल का. अनेक बँका तयार होतात. होकार आधी लेखी घ्या, पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरा, मग नो ड्यूज घ्या. त्या कन्सल्टंटचे वीस हजार याच कामात घाला.

मोगरा

मनापासून आभार काका. उद्याच शाखेत जाते. त्याच्याकडे दिलेले कागद परत मागवते.

रानवारा

थोडं वेगळं मत मांडतो. सगळेच फसवे नसतात. आमच्या इथल्या एका माणसाने माझं काम ३,००० मध्ये केलं. बंद झालेलं कर्ज चालू दाखवत होतं, दीड महिन्यात निघालं. मला संगणकातलं कळत नाही, त्याने फॉर्म भरले. पैसे वाया गेले असं मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

रानवारा दादा, तुमचं काम झालं हे वाचून बरं वाटलं. आणि तुमचं म्हणणं मला पटतं. फॉर्म भरायची मजुरी घेणं यात गैर काही नाही, सातबारा काढून देणाराही घेतो. तुमच्याकडे नोंद चुकीची होती, ती दुरुस्त झाली. त्याने तुम्हाला आकड्याची गॅरंटी दिली होती का? खरी थकबाकी पुसून देतो म्हणाला का? कोरे चेक मागितले का? बहुतेक नाही. आमच्या माणसाने अहवाल बघायच्या आधीच ‘७५० प्लस’ म्हटलं होतं. डॉक्टरने नाडीही न बघता औषध दिल्यासारखं. मला वाटतं ओळखायची खूण तिथेच आहे.

फक्त एक विनंती. तुमच्या लॉगिनचा ईमेल, मोबाईल आणि पासवर्ड तुमचाच आहे ना, ते आज बघून घ्या.

रानवारा

बघितलं. ईमेल त्याचाच होता ताई. मुलाला सांगून बदलून घेतला. हे लक्षातच आलं नसतं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे ही जुनी कीड आहे, म्हणून १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला गेला. काम पूर्ण व्हायच्या आधी पैसे घ्यायला अशा कंपन्यांना बंदी आहे. लेखी करार द्यावा लागतो, तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करता येतो, आणि ‘हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता’ हे त्यांनीच आधी लेखी सांगायचं असतं. तरी फसवणूक चालूच आहे.

इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांना एक सांगायचंय. भारतातला स्कोअर इथे चालत नाही, शून्यातून सुरुवात होते. तेव्हा कुणीतरी ‘सीपीएन’ नावाचा नऊ आकडी नंबर विकायला येतो, सोशल सिक्युरिटी नंबरच्या (इथला सरकारी ओळख क्रमांक) जागी हा लिहा म्हणतो. तो बहुतेक वेळा दुसऱ्याचा, कित्येकदा लहान मुलाचा चोरलेला सोशल सिक्युरिटी नंबर असतो. अर्जावर तो लिहिणं हा गुन्हा आहे, आणि इथे व्हिसावर असताना असा गुन्हा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आधी डिपॉझिट ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या, दर महिन्याला पूर्ण भरा. वर्षभरात घडी बसते.

निवृत्त शाखाधिकारी

एडिसनकर, तीच वाट इथेही आहे. बँकेत वीस-पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड मिळतं. ज्याचा स्कोअर खाली गेलाय त्याने ते घ्यावं, थोडंच वापरावं, पूर्ण भरावं. हळू काम आहे, पण होतं.

बांधावरून

मंडळी, गावाकडचं एक लिहितो. आमच्याकडे हे लोक पेरणीच्या तोंडावर उगवतात. मे-जूनमध्ये. पीककर्जाला सिबिल लागतं अशी हवा आहे, मग कर्जमाफीत बसलेला शेतकरी, ज्याच्या अहवालात जुनी थकबाकी दिसते, तो यांच्या हाती सापडतो. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असं मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलंय. शाखेत तरी ‘सिबिल बघावं लागेल’ म्हणतात. चुलत्याने गेल्या साली बियाण्याच्या पैशांतून पाच हजार दिले. माणूस नंतर फोन उचलेना. पावसाने वेळेवर सुरुवात केली आणि चुलत्याने उधारीवर बियाणं आणलं. पाच हजार म्हणजे आमच्यात सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी अन् वर खताचं पोतं.

कर्जमाफीचं जे खातं आहे त्याचं काय करावं काका?

निवृत्त शाखाधिकारी

दादा, वाचून वाईट वाटलं.

कर्जमाफीचे पैसे शासनाकडून बँकेला पोचले की बँकेने ते खातं बंद करून तसं कळवायला हवं. राहिलं असेल तर ती बँकेची चूक. शाखेत लेखी अर्ज द्या, माफीच्या यादीतलं नाव किंवा मिळालेलं प्रमाणपत्र जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. तोंडी बोलू नका. पीककर्ज नाकारलं तरी कारण लेखी मागा. शाखेने ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला भेटा, हे त्यांचंच काम आहे. चुलत्यांना घेऊन जा, एकटं पाठवू नका.

पिंपळपार

आणखी एक प्रकार अलीकडे ऐकला. ‘हप्ते भरणं थांबवा, ते पैसे आमच्याकडे जमा करा, आम्ही बँकेशी बोलून निम्म्यात मिटवतो.’ माझ्या सहकाऱ्याने आठ महिने भरले. बँकेला एक रुपया पोचला नाही, वर आठ महिन्यांची थकबाकी अहवालात. कर्जाचा हप्ता कर्ज देणाऱ्याच्या खात्याशिवाय कुठेही जाऊ देऊ नका.

कृष्णाकाठ

थोडी माहिती, मधल्या दिवसांतली.

मोबाईलच्या हप्त्याचं पत्र आलं: हप्ता आणि दंड धरून ३,९४०. वसुलीच्या माणसाने काकांनी सांगितलं अगदी तेच वाक्य टाकलं, “दीड हजारात मिटवतो.” भावाने नाही म्हटलं, पूर्ण भरले, नो ड्यूज आलं. सहा चौकशांबद्दल विचारलं, ओटीपी आपणच दिलेला असल्याने त्या सहजी निघणार नाहीत असं कळलं. नवा अर्ज कुठेही करायचा नाही, जुन्या होतील तसा त्यांचा भार कमी होईल. ८५ हजारांच्या कर्जाचा डिस्प्यूट टाकलाय, पावती क्रमांक गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय त्याने.

झेरॉक्सवाल्याला जाऊन भेटले. त्या कागदाचे महिन्याला दोनशे मिळायचे म्हणाला. सगळं ऐकून त्याने माझ्यासमोर कागद खरवडून काढला. पोलिसांना दाखवायला मी तो जपून ठेवलाय.

मोगरा

बँकेने लेखी होकार दिला! ४८,२०० भरून ‘क्लोज्ड’ करणार. घरात सगळ्यांना हा धागा वाचायला दिला.

कृष्णाकाठ

शेवटची बातमी. ८५ हजारांची नोंद भावाच्या अहवालातून निघाली. तक्रारीला एकेचाळीस दिवस लागले, फायनान्स कंपनीने तिचे एकवीस दिवस ओलांडले होते. आज सकाळी भावाच्या खात्यात ११ दिवसांचे १,१०० रुपये जमा झाले. मेसेजचा फोटो त्याने मला पाठवला, आणि खाली लिहिलं: “ताई, टेम्पोचं दिवाळीनंतर बघू. आधी नवा अहवाल काढून तुझ्यासोबत वाचायचाय.”